तेरणा कुठवर आली

४ मार्च
पुण्याहून फोन. संपादक मैत्रेयी. सुरुवातीला फारच गोड बोलली, तेव्हाच समजलं की काहीतरी मोडायला सांगणार.
"ताई, तेरणा उडवायची आहे. प्रकरण चौदामध्ये."
टीव्हीवरच्या अंतराळ-मालिकेचं तिसरं पर्व सुरू होतं तेव्हा सातव्या अंतराळ ठाण्यावर थेंबभर पाणी नाही. मग नायकाचं चकचकीत 'आरोही' जहाज येतं, लोकांना वाचवतं. माझी तेरणा त्याआधीच पाणी घेऊन पोचली तर नायकानं काय करायचं? म्हणून फोडा.
तेरणा पडद्यावर नाहीच. मालिकेवरून मी कादंबऱ्या लिहिते, फक्त त्यांत आहे. जुनं, ठोकळ्यासारखं जहाज. बर्फ वितळवायचा आणि ठाण्याठाण्यावर पाणी टाकत जायचं, एवढंच काम. कुणाचं काय बिघडवलं तिनं?
भाकरी करपली. तशीच वाढली.

५ मार्च
कंपनीचा नियम आहे. जे जहाज पडद्यावर नाही, ते पुस्तक संपताना शिल्लक ठेवायचं नाही. उद्या वाचक विचारतील, ते कुठं गेलं? उत्तरं कोण देणार?
बोरी पहिल्या पुस्तकात सूर्यात गेली. मांजरा दुसऱ्यात, एका ओळीत. तीही नायकाच्या तोंडी: "मांजरा गेली." कशी गेली, कुणासकट गेली, काही नाही. जहाजांना आपल्याकडच्या नद्यांची नावं हौसेनं मीच दिली आणि एकेक करून मीच घालवली. आता तेरणा उरलीय.
पुस्तकावर माझं नाव नसतं, कंपनीनं ठरवलेलं नाव असतं. त्याचं आता काही वाटत नाही. पण जहाज माझं आहे. म्हणजे, कागदोपत्री तेही नाही.

८ मार्च
दुपारी सासूबाई तूर निवडत बसतात तेव्हा लिहिलेलं वाचून दाखवते. बाकीचं अंतराळ त्यांना मान्य नाही. नायकाचा फोटो दाखवला तर म्हणाल्या, "ह्यो काय पानी आननार? ह्येच्या केसालाच केवढं त्याल लागतंय बघ."
तेरणेचं मात्र रोज विचारतात. पाहुणे यायचे असल्यासारखं. "कुठवर आली गं?"
"येतीय, आत्या."
सांगवलं नाही.

११ मार्च
मार्ग काढला! तेरणा ठाण्यावर पोचते, टाकी रिकामी करते आणि परतताना स्फोट. त्यांना स्फोट मिळाला, मला खेप पुरी झाल्याचं समाधान.
हे पंक्चरच्या दुकानातून चहाला आले तेव्हा वाचून दाखवलं. ह्यांचं मत: "पान्याचा टँकर कुटं फुटत असतोय व्हय? लई तर टायर फुटंल."
घरातच एवढे समीक्षक असल्यावर माणसानं लिहायचं कसं. तसंच पाठवलं.

१२ मार्च
परत आलं.
"छान आहे ताई, पण पाणी पोचायला नको. पाणी पोचलं तर लोक तहानलेले कसे?"
म्हटलं, सांडलं म्हणा.
"ताई." नुसतं एवढंच.
मग म्हणाली, स्फोट लांबून का होईना, दिसला पाहिजे. वाचकाला धूर दिसला की प्रश्न मिटतो. आणि मला जड जात असेल तर प्र. १४ दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतील. अगदी प्रेमानं म्हणाली.
म्हणजे दुसरं कुणीतरी फोडणार. तेरणेची मागची झडप गळते आणि तिच्याखाली कायम बादली लावलेली असते, हेही त्याला ठाऊक नसणार.
एका खोट्या जहाजापायी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडले. लिहायलाही लाज वाटते.

१५ मार्च
टँकर कालही नाही, आजही नाही. गल्लीत घागरी रांगेत. उन्हात माणसं कुठं थांबणार, घागरीच थांबतात.
शेजारच्या शबानाभाभी माहेरी गेल्यात. तरी सा.बा.नी त्यांची निळी घागर आणून आमच्या पुढं लावली. आधीच डोकं फिरलेलं. म्हटलं, "आत्या, त्या इतक्यात येत नाहीत. आपला नंबर मागं जातोय."
"जाऊ दे की. घागर हाय तिची, मंजी नंबर हाय."
मग आपणहून बोलल्या. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सास्तूरला सगळे पत्र्याच्या शेडात राहायचे तेव्हाचं. शेजारच्या सोनाला जखमी म्हणून ट्रकमध्ये घालून नेलं. कुठल्या दवाखान्यात, कुणालाच माहीत नाही. टँकर यायचा तेव्हा बाया तिची घागर रांगेत लावायच्या, भरायच्या, तिच्या शेडच्या दारात नेऊन ठेवायच्या.
"आली का ती?"
सा.बा. वाकून निळी घागर सरळ करत राहिल्या.
"गेली असंल तर, आत्या?"
"कुनी बघितलं?"
नंबराचं बोलले त्याचं फार वाईट वाटलं.

१६ मार्च
सकाळपासून ह्यांचा कंप्रेसर धडधडतोय. तरी बसून प्र. १४ पुन्हा लिहिलं.
तेरणेचा आवाज येईनासा होतो. पाणी येत नाही. ठाण्यावरच्या बाया रिकामे डबे रांगेत लावतात आणि काढत नाहीत. आरोही उतरते, नायक पाणी वाटतो, त्यासाठी बाया वेगळी भांडी घेऊन येतात. तेरणेची रांग तशीच.
तहान हवी होती, आहे. ठाणं कोरडं हवं होतं, आहे. धूर तेवढा नाही. पाठवलं.

१८ मार्च
मैत्रेयीचा आवाजी निरोप. "ताई, काय लिहिलंय! मला भरून आलं. फक्त एक ओळ हवी. 'दूर आकाशात आगीचा लोळ उठला.' एवढीच. मी टाकते, तुम्ही फक्त हो म्हणा."
भरून आलं तर तसंच राहू द्या ना! भरून येतं आणि वर काडीही लावायचीय.
उत्तर दिलं नाही. गप्प बसलं की ते होच धरतात, हेही माहीत आहे.

२० मार्च
सा.बा.ना शेवट वाचून दाखवला. त्या ओळीशिवाय.
"मंजी पोचली न्हाय."
"नाही."
"वाटंवर हाय मग."
आता लपवण्यात अर्थ नव्हता. सांगितलं, पुण्याची माणसं एक ओळ टाका म्हणतात. जहाज जळताना सगळ्यांना दिसेल.
सा.बा.नी सूप खाली ठेवलं.
"आन् बायांचे डबे?"
"काढतील मग. कळल्यावर कशाला ठेवतील?"
"तर मग तूच जा आन् सांग त्यास्नी."
वाटलं, ओरडून सांगावं, आत्या, खोटं आहे ते सगळं, बाया नाहीत, ठाणं नाही, काही नाही. पण नुसते कागद गोळा केले.

२१ मार्च
टँकर आला. ढकलाढकली, शिव्या, माझी चप्पल तुटली. शबानाभाभींची घागर भरली. सा.बा.नी ती त्यांच्या कुलूप लावलेल्या दारात नेऊन ठेवली, वर ताटली झाकली.
ओल्या हातानं फोन बघितला. "ताई, आज छपाईला जातंय. ओळ टाकू ना?"
लिहिलं, 'नको. त्या बायांना मी सांगणार नाही.' वाचून पाहिलं. पुण्यात म्हणतील, नळदुर्गची बाई उन्हानं बिघडली. दुसरं वाक्य खोडलं. नुसतं 'नको' पाठवलं.
तिनं वाचल्याची निळी खूण आली. उत्तर नाही. दुपार झाली, तरी नाही. छपाई सुरू झाली असेल. ओळीसकट की ओळीशिवाय, कोण जाणे.
सा.बा.नी विचारलं, "काय म्हनले?"
"काहीच नाही."
"मग येतीय ती." आणि सूप पुढं ओढलं.
मला नाही इतकं सोपं वाटत. फोन उलटा करून ठेवला आणि त्यांच्यासमोर तूर निवडायला बसले.