खेजडीवरचं हिरवं कापड

बाबा, बस डेपोच्या कंट्रोल रूममध्ये तुम्ही चहा बशीत ओतायचात, बशी माझ्याकडे सरकवायचात आणि सीमेकडे जाणाऱ्या गाडीचे थांबे मला ओळीने म्हणायला लावायचात. एक चुकला की बशी परत. अजमेरच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले की आपली सकाळ अशीच जायची. सिस्टर पट्टीने मारत. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, फक्त बशी ओढून घेतलीत.

वाळवंटातल्या आपल्या त्या शहराच्या दळणवळणाचा इतिहास तुम्ही एका जाड वहीत मराठीत लिहीत होतात. आधी सिंधपर्यंत जाणारे उंटांचे तांडे. मग सीमेची रेघ आली आणि तांडे अडले. मग फौजेचे ट्रक, आगगाडी, शेवटी तुमच्या बसगाड्या. थांबे कित्येक कोस लांब, म्हणून लोक रस्त्याकडेच्या खेजडीच्या झाडाला कापड बांधत आणि सावलीत पडून राहत. कापड दिसलं की ड्रायव्हर थांबे. उंटवाल्यांपासूनची रीत. वहीत तुम्ही तिच्यावर कौतुकाने पानभर लिहिलंत आणि डेपोत तिच्यावर बंदी घातलीत.

त्या मे महिन्यात तपासणीच्या फेरीला तुम्ही मला बरोबर नेलंत, ड्रायव्हरकाकांच्या शेजारची, काचेसमोरची जागा दिलीत. आई सीमेजवळच्या दवाखान्यात नर्स, शनिवारी घरी यायची. तो बुधवार होता. परतताना दूर खेजडीवर हिरवं कापड फडफडतंय. काका ब्रेकवर पाय ठेवतात.

"साब, कोई है."

तुम्ही कागदातून मान वर करत नाही. "स्टॉप याद नहीं? मेरी लडकी से पूछ ले."

आणि मी, तुमची शहाणी मुलगी, म्हणते, "यहाँ स्टॉप नहीं है." तुम्ही खूश होऊन हसता. गाडी पुढे जाते.

आई तापाने फणफणलेली, दवाखान्यातून चालत रस्त्यापर्यंत आली होती. दुसऱ्या दिवशी उंटवाल्यांनी तिला आणलं ते झाकूनच. चौकशीत तुम्ही लिहिलंत की ड्रायव्हर बेसावध होता, त्याला कापड दिसलंच नाही. काकांची नोकरी गेली. जाताना ते माझ्यासमोर उकिडवे बसले. "बिटिया, मैंने ब्रेक लगाया था ना? बोल दे." मी तुमच्याकडे पाहिलं आणि तुमच्यामागे जाऊन उभी राहिले.

पुढे सगळा दोष तुमच्यावर टाकून मी मोठी झाले. शेवटच्या आजारात तुम्ही 'एकदा येऊन जा' म्हणून कळवलंत. मी उलट लिहिलं, 'तिथे माझा थांबा नाही.' ते वाचून तुम्ही कागद उशीखाली ठेवलात, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

आता मी आयर्लंडला, एनिसला असते. लेक इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. काल नातीबरोबर गावाबाहेर बसने जात होते. एका फाटकापाशी म्हाताऱ्या बाईने स्कार्फ हलवला आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली.

"इथे थांबा कुठे आहे गं?"

"आजी, ड्रायव्हर स्टॉप्स फॉर एव्हरीवन. इट्स ग्रँड, चालतं इथे."

मी उठून त्या बाईला माझी पुढची जागा दिली. गाडीत रिकाम्या जागा पुष्कळ होत्या.

घरी आल्यावर लेकीसाठी कागद लिहून ठेवला, माझ्यामागे काय कुणाला द्यायचं त्याचा. तुमची वही नातीला. तिला मराठी वाचता येत नाही, तेव्हा लेकीने वाचून दाखवावी, खेजडीचं पानसुद्धा. तुमची डेपोतली शिट्टी आणि माझ्या सहीचं निवेदन ड्रायव्हरकाकांच्या मुलीला: तिच्या वडिलांनी कापड पाहिलं होतं, ब्रेक लावला होता, साहेबांनी थांबू दिलं नाही. माझा लहानपणचा हिरवा फ्रॉक कोणालाच नको, तो माझ्याबरोबर जाळावा. आईने जुन्या पातळातून तो शिवला होता आणि उरलेला तुकडा ती उन्हात डोक्याला बांधायची. त्या बुधवारी तो फ्रॉक माझ्या अंगात होता, बाबा. कापड मी लांबूनच ओळखलं होतं. पण आई चढली असती तर पुढची जागा तिला द्यावी लागली असती.

निवेदनात हे लिहिलेलं नाही. हे पत्र घडी करून फ्रॉकच्या खिशात ठेवते आहे.