आबांची इंग्रजी भिंत

शिंदखेडा, २० नोव्हेंबर २०२५

ती. आबांस वृषालीचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्ही हो-हो करून आईच्या हाती फोन देता, म्हणून पत्र. मुलं ज्या इंग्रजी शब्दांत हमखास गोंधळतात, अशा वीस जोड्या लिहायला आमच्या शाळेने मला एक लांब भिंत दिली आहे. मुख्याध्यापक फ्लेक्स लावा म्हणाले. मी सांगून टाकलं, माझे वडील धरणगावचे गुलाब पेंटर आहेत, तेच रंगवतील. वीस डिसेंबरला पालक मेळावा आहे. बारा तारखेपर्यंत तुमचा होकार आला नाही, तर फ्लेक्स लागेल आणि माझं नाक कापलं जाईल.

तुमच्या होकाराची वाट पाहणारी,
वृषाली

धरणगाव, २४ नोव्हेंबर

चि. वृषालीस अनेक आशीर्वाद.

विचारायच्या आधीच कबूल करून बसायची तुझी खोड जुनी. बाई, चाळीस वर्षं मी इंग्रजी पाट्या रंगवल्या, त्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी समोर ठेवून. मी सातवी शिकलेला. इंग्रजी अक्षर माझ्या लेखी चित्रच. एखाद्या पोराने विचारलं, आजोबा, हे काय लिहिलं, तर मी काय सांगू? माझ्यामुळे तुझी मान खाली जायला नको. फ्लेक्स लाव.

रागावू नकोस, जीव लावत राहा.
आबा

शिंदखेडा, २८ नोव्हेंबर

ती. आबांस स. जय भीम.

रागावले आहे. इंग्रजी अक्षरं मी पहिल्यांदा पाहिली ती तुमच्या ब्रशखाली, शाळेत नव्हे. सोबत वीस चिठ्ठ्या पाठवते. गिऱ्हाइकं उच्चार, अर्थ लिहीत नसत, मी दोन्ही मराठीत लिहिले आहेत. रोज दोन जोड्या करा. न जमल्यास आईला फोन लावायला सांगा.

तुमची हट्टी,
वृषाली

धरणगाव, ७ डिसेंबर

चि. वृषालीस अ. आ.

आता ऐक. लूस म्हणजे सैल. त्यात दोन ओ, ढिल्या पायजम्यासारखे. लूझ म्हणजे हरवणं, त्यातला एक ओ हरवलेलाच आहे. ए असलेली स्टेशनरी जागची हलत नाही, ई असलेली वह्या-पेनांची. हे वाचलं आणि एकदम आठवलं. पारोळ्याला योगराजच्या वह्यांच्या दुकानाची पाटी मीच रंगवली होती ना! बसने जाऊन पाहून आलो. ई आहे, जीव भांड्यात पडला.

तुझी आई म्हणते, तुम्ही आते इंग्रजीना मास्तर व्हयनात. तर हा नवा झालेला मास्तर पंधरा तारखेला डबे, ब्रश घेऊन येतो.

भाकरी टाकून ठेव.
आबा

शिंदखेडा, २२ डिसेंबर

ती. आबांस स. जय भीम.

मेळाव्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या पार्वताबाई आजींनी एकेका शब्दावर बोट ठेवून विचारलं आणि तुम्ही वीसही जोड्या समजावल्यात. मी लांबून ऐकत होते. मेळाव्याच्या पाहुण्यांनी विचारलं, हे सर कुठल्या शाळेत असतात. पेंटर आहेत, माझे आबा आहेत, हे सांगताना माझा ऊर भरून आला. आणि तुम्ही मात्र न सांगता संध्याकाळची बस धरलीत!

भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तुमचं नाव दिसलं. तुमच्या मराठी पाट्यांवर ते असतं. इंग्रजी पाटीवर मी कधी पाहिलं नव्हतं. असं का, आबा?

उत्तराची घाई असलेली,
वृषाली

धरणगाव, २६ डिसेंबर

चि. वृषालीस अ. आ.

हे तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. जे वाचता येत नाही त्याच्याखाली नाव घालायला हात धजायचा नाही. उद्या कोणी विचारलं, हे तुझंच का, तर हो कसं म्हणायचं? म्हणून चाळीस वर्षं इंग्रजी पाट्यांचा कोपरा कोरा सोडला. लोकांना वाटायचं, गुलाब विसरला.

तुझ्या भिंतीवर शेवटचा शब्द झाल्यावर मी शिडी बाजूला ठेवली. वरपासून खालपर्यंत सगळी भिंत वाचली, एकट्यानेच, मोठ्याने. मग नाव घातलं.

पोरी, अशीच हट्टी राहा.
तुझा आबा