रविवारच्या मिस्साला मी नसेन

प्रिय नेल्सनचे पप्पा,

तुम्हाला जाऊन वर्ष होईल, म्हणून रविवारी चर्चमध्ये तुमची वर्षाची मिस्सा आहे आणि मी तिथे नसेन. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. दाराशी भरलेली सॅक उभी आहे आणि नेल्सन कालपासून माझ्यावर फुगून बसलाय.

"आई, मिस्सानंतर अख्खी आळी चहाला घरी येणार. मी काय सांगू लोकांना? आई ट्रेकला गेली?"

हो, तेच सांग ना! त्यात लाज कसली?

तुमच्या बहिणीने तर कपाळाला हात लावला. "म्हातारपनी ही काय थेरं?"

पावसाळा संपल्यावर चंदनसारची आपली शर्ली, माझी भाची, मला ओढूनच तुंगारेश्वरच्या डोंगरावर घेऊन गेली. "मावशी, घरात बसून बसून डोकं आऊट होईल तुझं!" रिकाम्या हाताने कुठे जायची आपल्याला सवय आहे का? तिच्या मित्रमंडळींसाठी मी पिकल्या केळ्यांची फणी सॅकच्या तळाशी ठेवली. वर पोहोचेपर्यंत माझ्या जादा कपड्यांचं शिकरण! पोरं पोट धरून हसली. अहो, मीही हसले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. आता मी उन्हात वाळवलेली सुकेळी नेते.

चढावर दम लागला की मनात 'नमो मारिया' म्हणते आणि चालत राहते. शर्ली मागून ओरडते, "मावशी, थांब ना, माझी वाट लागली!" पण थांबवतच नाही हो. घरी आलं तरी पाय स्वस्थ बसत नाहीत. साठीला आल्यावर हे काय भलतंच सुरू झालं?

तो डोंगर तर तुम्ही रोज आपल्या वाडीतून बघायचात. त्याच्यावरचे ढग बघून केळींना पाणी द्यायचं की नाही ते ठरवायचात. मग एकदाही "चल, जाऊन येऊ" का नाही म्हणालात? वेलंकनीच्या यात्रेला जायची गोष्ट काढली तरी तुमचं एकच, वाडीला पाणी कोण देणार?

वरून मी आपली वाडी शोधली. सापडली नाही. आपल्या वटार गावाच्या बाजूला माडांची हिरवी पट्टी तेवढी दिसली, आणि विरारचे टॉवर. एवढ्याशा तुकड्याने आपल्याला जन्मभर जखडून ठेवलं होतं? मला तिथेच रडू आलं, आणि तुमचा रागही आला.

आता शर्लीचा ग्रुप तंबू पाठीवर घेऊन जव्हारकडच्या डोंगरात राहायला निघालाय. नेल्सन म्हणतो, पुढच्या वेळी जा. पण वर्षभर मी पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं 'फार वाईट झालं' ऐकलंय. रविवारी परत तिथे बसले तर उठणारच नाही, अशी भीती वाटते. माझं चुकतंय का? तुम्ही असतात तर निदान भांडलो तरी असतो!

एक वचन देते. रविवारी सकाळी फादर वेदीवरून तुमचं नाव घेतील, तेव्हा मी चढावर जिथे असेन तिथे उभी राहीन. पाठीवरचं ओझं खाली ठेवीन. आणि तुमचं नाव घेईन, मोठ्याने, सगळ्या पोरांसमोर. लग्न झाल्यापासून ते मी एकदाही तोंडाने घेतलेलं नाही.

तुमची,
सेलिना