डोळ्यातला ठिपका

शनिवार, ६ सप्टेंबर
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. खुशाली नंतर लिहिते. आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करायची आहे. मी लिहिलं होतं, की फोटो काढून झाल्यावर तो प्रार्थना कीटक पानावरून उडून गेला. (मादी होती, म्हणून पुढे ‘ती’ लिहिते.) ती उडाली नाही. फोटो काढला तेव्हा ती मरून अकरा दिवस झाले होते. आत्ताही ती इथेच आहे. फ्रीजच्या वरच्या खणात, मटारच्या पिशवीमागे, मलमाच्या रिकाम्या डबीत.

ते वाक्य घाईत लिहिलं गेलं असं आता म्हणणार होते, पण तेही खरं नाही. आधी कच्चं लिहिलं होतं, मग पक्कं केलं.

आता खुशाली. तू पाठवलेले मोजे मला बसले. आईचा गुडघा दुखतो, पण ती जिना चढायचं सोडत नाही. बाबा बरे आहेत. गरजेपेक्षा जास्त बरे आहेत. या क्षणी ते बाहेरच्या खोलीत भक्तमंडळ जमवून बसलेत आणि मी आतल्या टेबलाशी लिहितेय. भिंत पातळ आहे, तुला माहीतच आहे.

भक्तमंडळ तू गेल्यानंतरचं, म्हणून सांगते. एक दातांचे डॉक्टर आहेत, एक निवृत्त वकील, आणि छायाचित्र मंडळाच्या अध्यक्षीणबाई. तिघांनीही बाबांच्यासारखंच भिंग घेतलंय आणि तिघांनाही त्यातून अजून माशीच्या पाठीपलीकडे काही दिसलेलं नाही. डॉक्टर सगळ्यांत वाईट. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावतो हा माणूस, कुठला दात मेलाय ते बोट लावून सांगतो, आणि आमच्या भिंतीवर दोन फुटांचा मेलेला डोळा टांगलाय तो त्याला दिसत नाही.

आत्ताच म्हणाले, “सर, तिच्यासमोर किती वेळ बसला होतात?”

“तास कोण मोजतं हो? आधी ती मला बघत होती, मग मी तिला.”

“म्हणजे ओळखच झाली म्हणा की!”

“ओळख झाल्याशिवाय मी बटण दाबत नाही, डॉक्टर.”

बटण मी दाबत होते. चौऱ्याऐंशी वेळा. बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. मधून मधून “संपलं का गं?” विचारत होते. चौऱ्याऐंशी का, ते तुला सांगायला नको, पण मी काहीच गाळायचं नाही असं ठरवलंय. एवढ्या जवळून पाहिलं की एका वेळी केसाच्या जाडीइतकाच भाग स्पष्ट येतो. म्हणून कॅमेरा जरा जरा पुढे सरकवत फोटो काढत जायचे आणि नंतर संगणकावर सगळे एकावर एक बसवायचे. तेवढा वेळ किडा हलता कामा नये. पहाटेच्या गारठ्यात दव पडलेलं असताना काही किडे खरंच हलत नाहीत. बाबा पूर्वी त्यासाठी चारला उठत असत, तुला आठवत असेल. आपण दोघी मागे, डोक्यावर टॉवेल घेऊन. ते मी खोटं ठरवत नाही. पण मग त्यांच्या लक्षात आलं, की फ्रीजमध्ये पहाट बाराही महिने असते.

आता ते सातला उठतात. किडा आधी गोठवायचा, मेला की ओल्या कापसाच्या डबीत ठेवून सांधे मऊ करायचे, टाचण्यांनी हवा तसा उभा करायचा, टाचण्या संगणकावर पुसायच्या. दव म्हणजे ग्लिसरीन, ते सुकत नाही. यातलं सगळं मी करते. बाबा सही करतात.

अध्यक्षीणबाईंनी परवा मासिकात लिहिलं, “तिची तृषार्त दृष्टी दवबिंदूवर खिळली आहे.” ग्लिसरीनवर, बाई. आणि खिळली आहे हे मात्र शब्दशः बरोबर. मानेत टाचणी होती.

तर तुझं कार्ड. वर्तमानपत्रात फोटो पाहून तू एकच ओळ लिहिलीस: “ठिपका कुणी ठेवला?” तेरा वर्षांत तुझं मला आलेलं हे पहिलं पत्र, मोज्यांच्या पुडक्यात. मी ते उशीच्या अभ्र्यात ठेवलंय. उत्तरात मी लिहिलं, की डोळ्यातला मूळ ठिपका पुसट होता, तो गडद करताना चुकून सरकला. तू कारखान्यात दिवसभर कापडातले दोष शोधतेस. तुला हे पटलं असेल असं वाटत नाही. म्हणून दुसरी दुरुस्ती: मूळ ठिपका नव्हताच. मेलेल्या डोळ्यात तो राहत नाही. डोळा तपकिरी होतो, जुन्या बटणासारखा.

ठिपका मीच रंगवते. दोन वर्षं झाली. बाबा म्हणाले होते, “तेवढी नजर घाल गं चिमटे, तुझा हात हलका आहे.” मला अजून चिमटीच म्हणतात; तेवीस वर्षांची झाले तरी. पहिल्यांदा मी विचारलं, “पण बाबा, नोंदवहीत काय लिहू?” तर म्हणाले, “जे नेहमी लिहितेस तेच.” नोंदवहीत ‘अवस्था’ असा एक रकाना आहे. त्यात मी दोनशे बारा वेळा ‘जिवंत’ लिहिलंय. अक्षर चांगलं आहे ना माझं.

ही तीच नोंदवही, ज्यात आपण दोघी गिरवायला शिकलो. मला पहिली शाळा दिसली ती आठव्या वर्षी. तोवर हे टेबल, बाबा आणि तू. सहा पायांच्या बेरजा. मध्येच कोळी घालून तू मला चुकवायचीस आणि मी रडले की बाबा म्हणायचे, “रडू नको, पुन्हा मोज.” आणि तो नियम: पाहिलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका. चूक खोडायची तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी तारीख घालायची. मला बाबांचा राग येतो तो त्यांनी खोटेपणा केला म्हणून नाही. असे खोटे पैशाला पासरी मिळतात. मला असं शिकवून मग माझ्याच हातून करून घेतलं, याचा येतो. चोरी करायची तर निदान स्वतःच्या हाताने करावी.

असो. तो दिवस, म्हणजे विद्यापीठातल्या किडेवाल्या बाई आपल्याकडे आल्या होत्या तो, त्याबद्दल मला लिहायचं आहे. पण आधी ठिपक्याचं पूर्ण करते.

या किड्याच्या डोळ्यात बुबुळ नसतं. हजारो बारीक डोळ्यांपैकी जे नेमके आपल्याकडे रोखलेले असतात, ते आपल्याला काळे दिसतात. म्हणून आपण डावीकडे गेलो तर ठिपका डावीकडे येतो, उजवीकडे गेलो तर उजवीकडे. ठिपका नेहमी बघणाऱ्याकडेच असतो. हे मला तू शिकवलंस, बरणीभोवती फिरवून फिरवून. मला चक्कर आली होती आणि तू म्हणालीस, “बघ, हिला फसवता येत नाही.” म्हणजे मान तिरकी असली तरी दोन्ही ठिपके कॅमेऱ्याकडेच हवेत. या फोटोत ते कॅमेऱ्याकडे नाहीत. माणसासारखे कोपऱ्यात गेलेत, थेंबाकडे. असा प्रार्थना कीटक आजवर जन्मलेला नाही.

‘चुकून सरकला’ ही तिसरी दुरुस्ती. चुकून नाही. आधी मी ते बरोबर जागी घातले होते, आणि मग उचलून कोपऱ्यात ठेवले. मला बघायचं होतं कुणाच्या लक्षात येतं का. भक्तमंडळाकडून अपेक्षा नव्हतीच. डॉक्टर फोटोसमोर उभे राहून म्हणाले, “अहाहा, बघतेय कशी!” वकिलांनी चष्मा काढून पुसला, जणू दोष काचेत होता. बक्षीस देणाऱ्या पाच परीक्षकांनी ‘नजरेतली जिवंतता’ असं प्रशस्तिपत्रावर छापलं. या लोकांना किडा बघायचा नसतो, ताई. किड्याने आपल्याकडे बघावं एवढंच हवं असतं.

पण मी खरं तर बाबांसाठी सरकवले होते. मला वाटलं, ते बघतील, भुवया चढवतील, आणि म्हणतील, “पुन्हा मोज.” तेवढं म्हणाले असते तर मी सगळं नीट करून दिलं असतं आणि पुढची वीस वर्षं करत राहिले असते, हेही लिहून ठेवते. ते माझ्या खांद्यावर वाकले. चष्मा नाकावर. मी श्वास धरून होते. म्हणाले, “छान. नजर आली.” आणि सही केली.

तेव्हापासून मला त्यांच्याकडे बघवत नाही. खोटेपणा एक वेळ चालवून घेतला असता. पण ज्या डोळ्यावर त्यांनी नाव कमावलं, तो आता त्यांना ओळखूही येत नाही. पंचवीस वर्षं भिंगाला डोळा लावून माणूस आंधळा झाला, आणि घरातल्या कुणी सांगितलं नाही.

मी आईला सांगितलं. ती गुडघ्याला शेक घेत होती. म्हणाली, “तुम्हा दोघींना त्यांनी भिंगातून वाढवलं, म्हणून तुम्हाला राईचाही पर्वत दिसतो. एक ठिपका तो काय!” मग जरा वेळाने म्हणाली, “तिला लिहिलंस का हे?” मी हो म्हटलं, लिहितेय मात्र आत्ता. तिने शेकायची पिशवी पुन्हा भरायला दिली, ती पुरेशी गरम होती तरी.

आता बातमी. तो फोटो पाचवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात जाणार आहे. खाली ओळ आहे: ‘प्रार्थना कीटक आपले डोळे भक्ष्याकडे वळवतो.’ वळवत नाही. त्याला वळवायला डोळे नाहीत, मान आहे. पाच-सहा लाख मुलं हे पाठ करतील आणि एखादी मुलगी बरणी घेऊन बसेल, तिला खरं दिसेल, आणि तिच्या बाई म्हणतील, पुस्तकात बघ. शेवटची मंजुरी द्यायला समिती बसणार आहे आणि समितीच्या प्रमुख आहेत त्याच किडेवाल्या बाई. त्यांनी फोटो अजून पाहिलेला नाही. पाहिला की त्यांच्या आपोआप लक्षात येईल आणि मी सुटेन, असं वाटून मी दोन दिवस आनंदात होते. मग त्या आनंदाची किळस आली. तेरा वर्षांपूर्वीही मी अशीच दुसऱ्या कुणीतरी बोलण्याची वाट बघत होते. तेव्हा तू बोललीस.

लिहिते आता.

बाई त्या दिवशी याच टेबलाशी उभ्या होत्या. बाबांनी भिंगाखाली ठेवलेली मादी दाखवली, म्हणाले, “आत्ताच बागेतून आणली, गारठलीय बिचारी.” तू वाकून पाहिलंस आणि म्हणालीस, “बाबा, ही मेलीये. हिच्या डोळ्यात ठिपका नाही.” बाबा हसले. “आमच्या थोरलीला हल्ली सगळीकडे मेलेलंच दिसतं. वय आहे.” बाई हसल्या नाहीत. मग बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, “चिमटे, तुझा डोळा तीक्ष्ण. जिवंत आहे ना?”

मी दहा वर्षांची होते, हे कारण मी बरीच वर्षं वापरलं. दहाव्या वर्षी मला कोळ्यासकट बेरजा येत होत्या. मी म्हणाले, “हो. आत्ताच तिने पाय हलवला.”

पाय! कुणी विचारला नव्हता पाय. मी आपणहून दिला. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाई “बरं” म्हणाल्या. तू माझ्याकडे पाहिलंस, रागाने नाही. पुन्हा मोज, असं म्हणत असल्यासारखं. मी पुन्हा मोजलं नाही. दोन महिन्यांनी तू मावशीकडे गेलीस. अजूनही या घरात कुणाचं काही चुकलं की बाबा म्हणतात, “थोरलीसारखं निरीक्षण आहे तुझं.” आणि मी हसते. मंडळ हसतं तसंच. डॉक्टरांना मी वर जे काही बोलले, ते माझ्याही खात्यावर धर.

समितीसमोर बाबा बोलणार आहेत, धीर या विषयावर. मला म्हणाले, “नोंदवही घेऊन ये, चिमटे, बाईंना तुझं अक्षर आवडेल.” मी नोंदवही नेणार आहे. डबीही नेणार आहे, आणि ते चौऱ्याऐंशी फोटो, टाचण्यांसकट. बाईंसमोर ‘जिवंत’वर एकच रेघ मारीन, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी तारीख घालीन. मग सांगेन, की अशीच एक रेघ तेरा वर्षांपूर्वीच्या माझ्या एका वाक्यावरही मारायची आहे, आणि त्या दिवशी त्या खोलीत एकाच माणसाने नीट पाहिलं होतं.

त्यानंतर इथे राहता येईलसं वाटत नाही. तुझ्याकडे येऊ का, असं मी विचारत नाहीये. हे विचारायला लिहिलेलं पत्र होऊ नये म्हणून ते वाक्य तीनदा खोडलंय. एका रेघेने, तुला वाचता येईलच.

समिती होईपर्यंत उत्तर पाठवू नकोस, फोनही नको. तू “राहू दे” म्हणालीस तर मी राहू देईन. एवढी मी मला ओळखते.

पाय हलला नव्हता, ताई.

तुझी
चिमटी

ता. क. बाहेर डॉक्टर जायला उठलेत. दारात पुन्हा म्हणाले, “काय ती नजर!” मी आतून मोठ्याने विचारलं, “कुठे बघतेय हो ती, डॉक्टर?” मग बाबा म्हणाले, “आमची धाकटी थट्टेखोर आहे.” समिती साडेदहाला बसते. मी सव्वादहाला दारात असेन. गुरुवार, ११ सप्टेंबर.