होमाला ह्यांना बसवू नका

दुर्गाघाट, वाराणसी

तीर्थरूप दादांना इंदूचा नमस्कार.

तुमच्या नातवाच्या मुंजीचा होम ह्यांनी करायचा, असे तुम्ही फोनवर ठरवलेत आणि हे हो म्हणाले, म्हणून लिहावे लागते आहे. फोनवर बोलता येत नाही, हे शेजारीच बसलेले असतात.

वर्षभर ह्यांना जिना चढताना धाप लागते. शेवटी मीच दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, विडी किती ओढता? हे संतापले. मी म्हटले, विडी नाही, चाळीस वर्षे होमाचा धूर.

नाकाला चिमटा लावून नळीत फुंकायला सांगितले. छाती भरून घ्यायची आणि सगळी हवा एका दमात जोराने सोडायची. हे मंत्र म्हणताना पुरवतात तसा श्वास पुरवू लागले. तपासणारी पोरगी ओरडली, "पंडितजी, बचाइए मत! फूँकिए, और, और!"

मग औषधाचा फवारा ओढायला देऊन पुन्हा फुंकवले. नुसता दमा असता तर आकडा सुधारला असता. सुधारला नाही. एक्स-रेत क्षय नाही, एवढे बरे. आजाराचे नाव सीओपीडी. गेलेला दम परत येत नाही, उरलेला धुरापासून जपायचा.

जेवण ठीक आहे, काळजी करू नका. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

मुंजीला आम्ही येऊ, पण हे लांब बसतील. लपवून पाठवणे जमेना, म्हणून पत्र त्यांना वाचून दाखवले.

तुमची,
इंदू

हे पत्र घेऊन तिकडे येणाऱ्या सुशांतच्या हाती दिले: तपासणीच्या कागदांची प्रत, वहिनींसाठी गंगाजल, आणि होमात तूप घालायची ह्यांची लाकडी पळी. ती त्यांनीच पुसून आणून दिली. म्हणाले, "ज्याला बसवतील त्याला द्या."