पाणी न मागणारी गाडी

केडगाव (नगर),
९ एप्रिल १९७३

तीर्थरूप दादा यांस,
धाकट्या इसहाकचा ख्रिस्तात सलाम. वि. वि.

गाडी सुरू झाली! मायदेशी जाताना मिशनच्या साहेबांनी त्यांची जुनी फोक्सवॅगन व्हॅन मला दिली, तेव्हा ड्रायव्हरच्या नशिबी भंगार, असं तुम्ही म्हणाला होता. आता येऊन बघा. इंजिन स्वयंपाकघरात उलगडलं, पिस्टन-रिंगा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणल्या. या दुष्काळात बाकीच्या गाड्या घागरभर पाण्यासाठी दारोदार फिरतात. हिला थेंब लागत नाही. इंजिन मागं आहे, तिथल्या जाळ्यांतून वारा घेते आणि त्यावरच गार राहते.

मधलं बाकडं काढून तिथं दयेच्या मापाची बाज बसवली आहे. पोटातल्या गाठीमुळं तिला बसवत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं आहे, की हादरे बसून गाठ फुटली तर आमच्या हाती काही नाही. ऑपरेशन मेच्या मध्यावर आहे. निळे पडदे दयेनं पडल्या पडल्या शिवले. वहिनींना सलाम. आजवर केलात तसाच लोभ करावा.

आपला,
इसहाक


पारनेर,
१६ एप्रिल १९७३

चि. इसहाक यास,
मोझेसचे अनेक आशीर्वाद.

पाणी न पिणारी गाडी ऐकून तुझी वहिनी हसून हसून बेजार झाली. देवानं केलेलं सगळं पाणी पितं, तुझ्या गाडीलाच तेवढा उपास!

शमुवेलचं लग्न ५ मे रोजी शिरूरला ठरलं आहे. नवरी मोटारीतून घरी येईल असा शब्द मी व्याह्यांना देऊन बसलो आहे, तेव्हा गाडी पाठव. तुमचं मिरजेचं त्यानंतरच आहे. चालवायला व्याह्यांचा गडी छगन आहे, ट्रॅक्टर उत्तम चालवतो. तू येऊ नकोस. आजारी बायकोला टाकून आलास तर लोक मला नावं ठेवतील, आणि तिला आणलंस तर मांडवात गाठीशिवाय दुसरा विषय निघणार नाही. राग मानू नये, लोभ असू द्यावा.

तुझा,
मोझेस


केडगाव,
२३ एप्रिल १९७३

तीर्थरूप दादा यांस,
इसहाकचा सलाम.

गाडी पाठवतो. माझं मन नव्हतं, खोटं कशाला सांगू? पण दया म्हणाली, की भावजींना न्हाई म्हनू नका, पोराचं लगीन एकदाच हुतं. फक्त एवढं करा. मागच्या जाळ्यांवर हार नको, फडकं नको, काही नको. बाज काढू नका. आणि लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी गाडी परत करा. शमुवेलला आम्हा दोघांचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
इसहाक


पारनेर,
९ मे १९७३

चि. इसहाक यास,
आशीर्वाद.

तुझ्या गाडीनं माझं नाक कापलं. परतताना मागून गरम झळ यायला लागली. मी स्वतः उतरलो, माठाला गुंडाळतो तसं ओलं गोणपाट इंजिनाभोवती आवळून बांधलं. जाळ्याबिळ्या सगळं झाकून टाकलं, की गारवा आत राहील. दुष्काळातलं दोन घागरी पाणी वर ओतलं. इतकं करूनही सुप्यात इंजिन जाम झालं ते झालंच. नवी नवरी खडीच्या ट्रकमध्ये बसून घरी आली. व्याही अजून हसतात.

बाज आम्ही आधीच काढून ठेवली होती. नवरीपुढं ती तिरडीसारखी दिसत होती. गाडी सुप्यात रस्त्याकडेला आहे, घेऊन जा. दयेला एस.टी.नं ने. बायका एस.टी.त बाळंत होतात, गाठीचं काय घेऊन बसलास? लोभ असावाच.

तुझा,
मोझेस


केडगाव,
१८ मे १९७३

दादा,
सलाम.

एस.टी.नं नेलं. मागच्या बाकावर आडवी केली, डोकं माझ्या मांडीवर. सुप्याला गाडी दिसली. मी तिच्या डोळ्यांवर पदर ओढायला गेलो, पण तिनं बघितलीच. म्हणाली, की पडदे उन्हानं इटतील, येताना काढून घ्या. शिरूरच्या पुढं तिचं कण्हणं थांबलं. मला वाटलं, डोळा लागला. पुण्यापर्यंत मी तिला झोपू दिलं.

केडगावलाच मूठमाती दिली. निरोप धाडला होता, तुम्ही आला नाहीत. काल सुप्याला जाऊन पडदे आणले. गोणपाट जाळ्यांना करपून चिकटलं होतं, सोलून काढावं लागलं. रोज प्रार्थना करतो, तरी तुम्हाला माफ करावंसं वाटत नाही. बाज तेवढी परत पाठवा. तिच्या मापाचं घरात दुसरं काही नाही.

इसहाक


पारनेर,
२६ मे १९७३

चि. इसहाक यास,
मोझेसचे अनेक आशीर्वाद.

दयेचं ऐकून वाईट वाटलं. देवानं दिलं, देवानं नेलं. निघणार होतो, पण नवी सून घरात आल्या आल्या मूठमातीला जाणं बरं दिसत नाही, असं तुझी वहिनी म्हणाली. तू दुःखात लिहिलं आहेस, म्हणून तुझे शब्द मी मनावर घेत नाही. इंजिन मुळातच कच्चं होतं.

बाज पाठवता येणार नाही. उकाडा फार, सून अंगणात तिच्यावरच झोपते. तिला अगदी नेमकी पुरते, आणि तुला आता तिचा काय उपयोग? पडदे निळे आहेत म्हणालास, ते सुनेला खिडकीला हवे आहेत. येणाऱ्या माणसाबरोबर पाठव. तेवढे दोनदा धुऊन पाठव, मेलेल्या माणसाच्या हातचे आहेत.

आपण दोघंच भाऊ. लोभात अंतर पडू देऊ नये.

तुझा,
मोझेस