लाल औषधाची पुडी

प्रति,
मेहेरबान पथकप्रमुखसाहेब,
रोगजंतू संशोधन फिरते पथक,
छावणी शहापूर, जिल्हा ठाणे.

विषय: मौजे खोरपाडा येथील नमुन्यांच्या खोक्याबाबत खुलासा, व गावविहिरीत परवानगीवाचून औषध टाकल्याची वर्दी.

संदर्भ: आपले पत्र, ता. १४ मे १९३८ ("शौचाच्या नमुन्यांचे खोके हळदकुंकू व हिरव्या बांगड्यांसह छावणीच्या दारात कसे आले, याचा खुलासा करावा").

महोदय,

अर्जदार खोरपाडा, तालुका मुरबाड, येथील मराठी शाळेचा एकटा शिक्षक असून आपल्या आज्ञेवरून खालीलप्रमाणे खुलासा सादर करतो. मजकूर किळसवाणा आहे. त्यास माझा इलाज नाही, कारण खोकेच किळसवाणे आहे.

१. गेल्या चैत्रात गावात वाखा, म्हणजे आपल्या भाषेत पटकी, सुरू झाला. ता. ९ एप्रिल रोजी आपण पथकासह आलात. चिंचेखाली लोक जमवून आपण सांगितले की हा रोग देवीच्या कोपाने होत नाही. डोळ्यांस न दिसणारे जंतू आजाऱ्याच्या शौचातून पाण्यात जातात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. काहींच्या पोटात ते असूनही माणूस धडधाकट दिसतो, म्हणून आजारी व निरोगी अशा दोघांचेही नमुने पाहिजेत. मला हे पूर्ण पटले. गावात पटलेला बहुधा मी एकटाच होतो, म्हणूनच आपण एकतीस बाटल्या माझ्या हवाली केल्या असाव्यात.

बायकांनी मला पाहून दारे लावली. म्हाताऱ्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या सरकारी कागदावर लिहिता येत नाहीत. कोणी बाटली हाती धरीना, तेव्हा पहिली बाटली मी स्वतःच्या घरची भरून दाखविली. माझी मुलगी गोदू हिने ती लाजत व हसत आणून दिली. मग इतरांनीही दिल्या.

२. त्याच दिवशी आपला दुसरा हुकूम झाला. गावविहिरीत टाकण्याच्या लाल औषधाची पुडी तालुक्याहून आधीच आली होती. विहिरीच्या पाण्याचा नमुना पथकाने घेईपर्यंत ती टाकू नये, टाकल्यास जंतू मरून संशोधनास बाध येईल, असे आपण लिहून दिले. माणूस आठ दिवसांत येईल असे तोंडी सांगितले. मी पुडी शाळेच्या कपाटात कुलपात ठेवली. भरलेल्या बाटल्यांचे खोकेही तो माणूस नेईपर्यंत तिथेच ठेवले. लोकांना विहिरीचे पाणी पिऊ नये असे सांगितले. दुसरे पाणी पाऊण कोसावर, डोंगराखाली आहे.

३. माणूस आला नाही. मी तीन पत्रे धाडली. एकाचे उत्तर आले, त्यात "योग्य वेळी" एवढेच होते. एप्रिलअखेरच्या उन्हाने बाटल्यांतील माल फसफसला आणि शाळा भरलेली असता बुचे उडू लागली. एक थेट हजेरीपटावर फुटली. पोरे ओकली, मीही ओकलो. माश्या खोक्यावरून उठत आणि पाट्यांवर बसत. माश्यांनी रोग पसरतो हे मी पोरांना शिकवीत होतो, आणि ते शिकवताना त्याच माश्या हाताने वारीत होतो. सकाळची शाळा मी चिंचेखाली नेली.

४. आता खुलाशाचा मुद्दा. आमच्याकडे साथ आली की मरीआईचा लहान लाकडी गाडा करतात. त्यावर हळदकुंकू, बांगड्या व लिंबू ठेवून तो शिवेपार सोडतात. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेत न थांबविता त्याच्या पुढे ढकलायचा, असा रिवाज आहे. ता. २ मे रोजी बारकू भगताने कपाट फोडून खोके गाड्यावर ठेवले. मी आडवा गेलो, तर तो म्हणाला, "सायेबच बोलला ना, रोग बाटलीत हाय. मंग तो गावात कशाला ठेवाचा?" त्याने गाडा शिवेपार सोडला. पाच गावांनी गाडा रिवाजाप्रमाणे पुढे ढकलला. त्यांतल्या शेवटच्या सापगावच्या पुढे छावणी लागते.

आपण पत्रात या अडाणीपणाबद्दल मला जाब विचारला आहे. परंतु आपणही ते खोके "या पथकाशी संबंध नाही" असा शेरा मारून दुसऱ्या कचेरीकडे धाडलेत. तिने तिसरीकडे धाडले, आणि परवा ते हमालाच्या डोक्यावरून पुन्हा माझ्या शाळेत आले. साहेब, मला या सगळ्याची शिसारी आली आहे. आमच्या लोकांनी निदान हळदकुंकू तरी वाहिले होते.

५. गाडा गेला आणि बायका पुन्हा विहिरीवर पाणी भरू लागल्या. मी हात जोडले. त्यांतली जनाबाई म्हणाली, "मास्तर, वाखा शिवंपार गेला. आता पान्याला कशाला भ्यावं?" पुडी तेव्हाही कपाटातच होती. बारकूने खोके नेले, पुडीला हात लावला नाही. आपला हुकूम मोडायचा नाही म्हणून मीही लावला नाही.

माझ्या घरी पाणी उकळून पितात. ता. ५ रोजी गोदू मैत्रिणींबरोबर विहिरीवर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. ता. ७ रोजी पहाटे ती गेली. ती सात वर्षांची होती. तिचे कपडे मी स्वतः धुतले, तेव्हा मात्र मला किळस आली नाही.

६. काल सकाळी मी पुडी विहिरीत सोडली. पाणी गुलाबी झाले. याला लागलेला वेळ तंबाखू मळण्याइतका. माझी पत्नी राही शेजारी उभी होती. ही पुडी कपाटात कधीपासून होती, असे तिने विचारले. मी खरे ते सांगितले.

आपले जंतू मी मारले आहेत. संशोधन बुडाले असल्यास जी शिक्षा होईल ती मान्य आहे. शिक्षेपूर्वी एकच विनंती. आटगाव व खर्डीकडील पाड्यांतही आपला असाच हुकूम असून पुड्या तशाच पडून आहेत, असे कळते. हा अर्ज हाती पडताच तो हुकूम रद्द करावा. नमुना आधी घेता येत नसेल तर नमुन्यावाचून राहावे. हा अर्ज दुसऱ्या कचेरीकडे धाडू नये.

आपला नम्र, आणि कालपर्यंत आज्ञाधारक,
वाल्मिक देवजी देसले
शिक्षक, मराठी शाळा, खोरपाडा
ता. १९ मे १९३८

सोबत:
१. औषध न टाकण्याच्या आपल्या हुकुमाची नक्कल.
२. पुडीचा रिकामा कागद.
३. बाटली क्रमांक १. बूच शाबूत आहे. चिठ्ठी माझ्याच अक्षरात: "गोदू वाल्मिक देसले, वय ७, प्रकृती निरोगी."